एका खांबाचे दोन माथे

पणजीच्या इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चच्या पांढऱ्या, नागमोडी पायऱ्या गोव्याच्या प्रत्येक पर्यटनपुस्तिकेत असतात. त्या उतरून रस्ता ओलांडला की महापालिकेची बाग लागते. १८५५ मध्ये आखलेली ही बाग गार्सिया द ओर्ता या वैद्याच्या नावाने ओळखली जाते. बागेच्या मधोमध एक उंच दगडी खांब आहे आणि त्याच्या माथ्यावर सारनाथचे सिंह. येणाराजाणारा त्याला अशोकस्तंभ समजतो आणि पुढे जातो.

हा खांब मुळात अशोकाची आठवण म्हणून उभारलेला नाही. तो १८९८ मध्ये उभा राहिला. वास्को द गामा कालिकतच्या किनाऱ्याला लागला त्याला तेव्हा चारशे वर्षे झाली होती आणि खांबावर वास्कोचा अर्धपुतळा होता. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्यानंतर वास्को खाली उतरला, सिंह वर चढले. खांब तोच राहिला.

सत्ता बदलली की पुतळे हलतात, हे आपण सगळ्या देशात पाहिले. मात्र एकाच खांबाच्या खालच्या अंगाला जुनी सत्ता आणि वरच्या अंगाला नवी, अशी मांडणी विरळा. म्हणून या खांबापुढे एक प्रश्न टाळता येत नाही : माथा बदलला म्हणजे स्मरण बदलले का? माझे उत्तर असे, की माथा बदलणे ही स्मरणाची फक्त सुरुवात आहे. वास्कोच्या जागी अशोकाचे सिंह बसवले त्या दिवशी आपण एक जबाबदारी पत्करली. ती पुरी करायची असेल तर या बागेत नेमके काय काय घडून गेले आहे, ते आधी नीट समजून घ्यायला हवे.

१८९८ ची निकड

स्मारक ज्याचे असते त्याच्याविषयी थोडे सांगते. उभारणाऱ्याविषयी पुष्कळ सांगते. १८९८ चा पोर्तुगाल हा वैभवाच्या शिखरावरचा देश नव्हता. आफ्रिकेत अंगोला आणि मोझांबिक यांच्या मधल्या भूभागावर त्याने हक्क सांगितला होता. जानेवारी १८९० मध्ये ब्रिटनने निर्वाणीचा खलिता पाठवला आणि तिथले सैन्य मागे घ्यायला लावले. लिस्बनच्या दरबाराने मान तुकवली, तेव्हा रस्त्यांवर संतापाचा उद्रेक झाला. पाठोपाठ १८९२ मध्ये सरकारची तिजोरी रिकामी झाली आणि परदेशी कर्ज फेडणे अशक्य होऊन बसले. ज्या देशाला वर्तमानात मान उंच करण्यासारखे काही उरले नव्हते, त्याने चारशे वर्षांपूर्वीचा दर्यावर्दी वर उचलून धरला. लिस्बनजवळ त्याच्या नावाचे मत्स्यालय उघडले, समारंभ झाले, आणि त्या उत्सवाची लाट पणजीच्या बागेपर्यंत आली.

गोव्यात तर कारण आणखी जवळचे होते. १८९५ मध्ये इथल्या सैन्यातल्या मराठा शिपायांना मोझांबिकमधला उठाव मोडायला जाण्याचा हुकूम मिळाला. त्यांनी जायला नकार दिला, छावणी सोडली आणि सत्तरीचा रस्ता धरला. सत्तरीचे राणे त्यांना येऊन मिळाले. राण्यांनी पोर्तुगिजांविरुद्ध शस्त्र उचलण्याची ही पहिली वेळ नव्हती, पण या वेळी सरकार असे हादरले की खुद्द राजाचा भाऊ, राजपुत्र आफोन्सो, लिस्बनहून फौज घेऊन आला. बंडाची धग १८९७ पर्यंत टिकली. त्याच्या पुढच्याच वर्षी राजधानीतल्या बागेत वास्कोचा खांब उभा राहिला.

हे दोन प्रसंग शेजारी ठेवले की खांबाचा अर्थ उलगडतो. आफ्रिकेतल्या माणसांना दडपायला भारतातली माणसे न्यायची आणि त्यांनी नकार दिला की त्यांनाही दडपायचे, हा साम्राज्याचा रोजचा व्यवहार होता. आपली जमीन हलते आहे हे कळलेल्या सत्तेने ती घट्ट असल्याची खूण दगडात रोवली. परक्या माणसांविरुद्ध बंदूक धरायला नाही म्हणणाऱ्या त्या शिपायांचे नाव या बागेत नाही. ते असायला हवे होते, असे मला मनापासून वाटते. मुक्तीच्या इतिहासात शस्त्र उचलणाऱ्यांइतकाच, शस्त्र कुणावर उचलायचे नाही हे ठरवणाऱ्यांचाही मान मोठा आहे.

वास्को आणि गोवा

ज्याचा पुतळा बसवला त्या वास्कोचा गोव्याशी संबंध तरी किती? १४९८ च्या सफरीत त्याची जहाजे कारवारजवळच्या अंजदीव बेटापाशी थांबली. गोवा जिंकला तो आफोन्सो द आल्बुकर्कने, १५१० मध्ये. वास्को व्हाइसरॉय म्हणून आला १५२४ मध्ये. गोव्यात थोडे दिवस राहिला आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला कोचीत वारला. त्याची कीर्ती मार्ग दाखवणाऱ्याची आहे आणि ती खरीही आहे. आफ्रिकेला वळसा घालून युरोपातून भारतात येण्याची वाट त्याने पुरी केली, हे जगाच्या इतिहासातले मोठे वळण आहे.

पण त्याच माणसाने १५०२ च्या दुसऱ्या सफरीत मलबारच्या समुद्रात मक्केहून परतणारे एक यात्रेकरू जहाज अडवले, लुटले आणि आतल्या शेकडो माणसांसकट जाळले. आत बायका होत्या, मुले होती. ही हकिगत त्याच्या शत्रूंनी रचलेली नाही. त्याच्याच ताफ्यातल्या तोमे लोपेशने ती लिहून ठेवली आहे. चारशे वर्षांनी खांबावर चढला तो मार्ग दाखवणारा वास्को. जहाज जाळणारा वास्को बाहेर राहिला. स्मारकाची सगळ्यात मोठी ताकद ही अशी असते : ते खोटे सांगत नाही, खऱ्यातले अर्धेच सांगते.

गोव्यात वास्कोची मूर्ती पहिल्यांदा पाडली ती स्वातंत्र्यसैनिकांनी नाही. जुन्या गोव्यात मांडवीच्या काठावर व्हाइसरॉयची कमान आहे. वास्कोचा पणतू फ्रांसिश्कू द गामा व्हाइसरॉय असताना, १५९० च्या दशकाच्या अखेरीला, ती बांधली गेली आणि नदीकडच्या अंगाला पणजोबाची मूर्ती बसली. पणतू लोकांना नकोसा झाला होता. १६०० साली त्याच्या जाण्याच्या वेळी खुद्द पोर्तुगीज विरोधकांनी ती मूर्ती खाली ओढली आणि तिचे तुकडे केले. पुढे ती पुन्हा बसवण्यात आली आणि आजही कमानीवर आहे. म्हणजे ‘पुतळे पाडणे हा नव्या काळाचा उद्धटपणा’ हे म्हणणे गोव्यापुरते तरी टिकत नाही. पुतळ्याच्या आडून जिवंत सत्तेशी भांडण करायची रीत पुतळ्याइतकीच जुनी आहे.

आज गोव्यात वास्कोची स्थिती अशी आहे : पणजीच्या खांबावरून तो उतरला, जुन्या गोव्याच्या कमानीवर तो उभा आहे आणि मुरगाव तालुक्यातल्या एका शहराचे व रेल्वे स्थानकाचे नाव अजून वास्को द गामा हेच आहे. १९९८ मध्ये त्याच्या आगमनाची पंचशताब्दी साजरी करण्याची कल्पना निघाली, तेव्हा गोव्यात तिला कडाडून विरोध झाला. इतिहास एका निर्णयाने मिटत नाही. तो प्रत्येक पिढीला पुन्हा सोडवावा लागतो.

बागेचे नाव ज्याच्यावरून

खांबावरच्या दोन माथ्यांच्या गडबडीत बागेचे नाव मात्र दुर्लक्षित राहते. माझ्या मते या चौकातली सर्वांत खोल गोष्ट त्या नावात आहे.

गार्सिया द ओर्ता हा स्पेनमधून परागंदा झालेल्या ज्यू आईबापांचा मुलगा. धर्म बदलल्याशिवाय जगता येणार नाही अशा काळात जन्मला, वैद्यक शिकला आणि १५३४ मध्ये गोव्यात आला. तो अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारात जाई, त्याच्यावर उपचार करी. दोघांची मैत्री होती. मुंबई बेट ओर्ताकडे भाडेपट्ट्याने होते. १५६३ मध्ये गोव्याच्या छापखान्यात त्याचा संवादरूप ग्रंथ छापून निघाला. भारतातल्या औषधी वनस्पती, फळे, मसाले यांविषयीची ही माहिती त्याने पाहून, चाखून, विचारून गोळा केली होती. पटकीने तडफडणाऱ्या रुग्णाचे त्यात वर्णन आहे. युरोपीय माणसाने केलेल्या या रोगाच्या अगदी सुरुवातीच्या वर्णनांत त्याची गणना होते. ग्रंथात मालुपा नावाचा हिंदू वैद्य येतो, झाडपाला आणि फळे आणून देणारी अंतोनिया नावाची दासी येते. ग्रीक आणि अरब आचार्यांनी काय लिहिले यापेक्षा इथल्या माणसांना काय ठाऊक आहे, हे ओर्ताला मोलाचे वाटले. पुढे क्लूसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्या ग्रंथाचे लॅटिनमध्ये सार काढले आणि कोकणच्या बागांमधले ज्ञान युरोपभर पसरले.

ओर्ता १५६८ मध्ये वारला. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड्यांचा शोध घेणारे चर्चचे न्यायालय, १५६० मध्येच सुरू झाले होते. त्याच्या मृत्यूच्या दुसऱ्या वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गुपचूप ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून जिवंत जाळण्यात आले. १५८० मध्ये ओर्ताची हाडे थडग्यातून उकरून काढली आणि तीही जाळली. मेलेल्या माणसालाही शिक्षा चुकली नाही.

आणि त्याच पोर्तुगीज राजवटीच्या राजधानीत, मुख्य चर्चसमोरच्या बागेला ओर्ताचे नाव मिळाले. ही बाब मला खांबापेक्षा मोठी वाटते. सत्ता आपल्या बळींचाही गौरव करते, पण त्याला पुरेसा काळ लोटावा लागतो, आणि गौरव करताना ती बळी घेतल्याचा उल्लेख गाळते. नाव दिले, कारण गाळले. ओर्ताच्या नावाच्या बागेत कातारिनाचे नाव कुणी घेत नाही. अंतोनियाचे तर आडनावही इतिहासाने राखले नाही. तरी त्या ग्रंथातले कितीतरी ज्ञान तिच्यासारख्यांच्या हातांतून आले, हे ग्रंथच सांगतो.

दगडांचा परंपरागत प्रवास

एक आक्षेप असा येतो, की जुन्या खांबावर नवे शिल्प बसवणे म्हणजे तडजोड; एक तर सगळे पाडायचे होते किंवा सगळे ठेवायचे होते. हा आक्षेप पणजीला लागू करण्यापूर्वी पणजी कशाची बनली आहे, ते पाहावे. जुने गोवे रोगराईने ओस पडत गेले. १८३५ मध्ये ख्रिस्ती धर्मसंघ बरखास्त झाले आणि त्यांचे मठ रिकामे पडले. दलदल बुजवून वाढवलेली पणजी १८४३ मध्ये अधिकृत राजधानी झाली, ती जुन्या गोव्याचा ऐवज घेऊन. चर्चच्या दर्शनी भागातली मोठी घंटा जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठाची आहे. आझाद मैदानावरच्या मंडपाचे नक्षीदार खांब डॉमिनिकन मठाच्या अवशेषांतून आले आणि त्यांच्या छताखाली आल्बुकर्कचा पुतळा उभा करण्यात आला. तोही मुक्तीनंतर हलला आणि आता जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. त्या मैदानावर आज त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा यांचे स्मारक आहे. १९२८ मध्ये गोवा काँग्रेस कमिटी स्थापणारे, १९४६ नंतर पोर्तुगालच्या पेनिशे किल्ल्यात डांबले गेलेले, १९५८ मध्ये मुंबईत निधन पावलेले कुन्हा आता त्या मैदानाचे मानकरी आहेत.

भारताची जुनी रीतही याहून निराळी नाही. अलाहाबादच्या किल्ल्यातला एकच स्तंभ घ्या. त्यावर अशोकाचे लेख आहेत, समुद्रगुप्ताची प्रशस्ती आहे आणि जहांगिराची वंशावळही आहे. फिरोजशहा तुघलकाने तोप्रा आणि मेरठ इथले अशोकाचे स्तंभ दिल्लीला आणून उभे केले, तेव्हा त्यांवरची लिपी वाचणारा कुणी उरला नव्हता. स्तंभ आपल्याकडे कोरलेल्या वह्यांसारखे वापरले गेले. आधीचे पान सहसा न फाडता नवे लिहिले गेले. पणजीचा खांब त्याच परंपरेत बसतो.

मुंबईने दुसऱ्या दोन वाटा दाखवल्या. १९६५ च्या सुमारास सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा हलवून भायखळ्याला, आजच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात ठेवला गेला. तो जिथे होता त्या चौकाला काळा घोडा हे नाव चिकटून राहिले आणि २०१७ मध्ये तिथे स्वाराविना नवा घोडा उभा राहिला. हुतात्मा चौकात याहून वेगळे घडले. १८६४ चे फ्लोरा फाउंटन जागेवर राहिले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांसाठी हातात मशाल धरलेल्या शेतकरी-कामगारांचे शिल्प त्याच्या शेजारी उभे राहिले. एका वाटेत जुने दूर नेले, दुसरीत जुन्याच्या बाजूला नवे मांडले. पणजीत जुन्याच्याच डोक्यावर नवे आले. तिन्ही वाटा योग्य असू शकतात. पण शेजारी मांडलेली दोन स्मारके एकमेकांकडे बोट दाखवतात, पाहणाऱ्याला दोन काळ दिसतात. एकाच खांबावर मात्र वरचा काळ खालच्याला गिळतो. म्हणून पणजीच्या वाटेला सांगण्याची गरज सर्वांत जास्त आहे.

सिंहांचे म्हणणे

आणि सांगायचे तर सिंहांविषयीही सांगावे लागेल. हे शिल्प १९०४-०५ च्या उत्खननात सारनाथला सापडले आणि २६ जानेवारी १९५० पासून ती प्रजासत्ताकाची मुद्रा आहे. पणजीच्या खांबावर ते विजयाची खूण म्हणून चढले, आणि १९६१ च्या गोव्याला तो अधिकार होता. पात्रादेवीच्या सीमेवर १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. त्याच वर्षी नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट सत्याग्रहींची तुकडी घेऊन गोव्यात शिरले होते. १८ जून १९४६ रोजी मडगावात राममनोहर लोहियांनी सभाबंदी मोडल्यापासून गोवेकरांनी तुरुंग, मारहाण आणि हद्दपारी सोसली होती. त्यांच्या देशाची मुद्रा त्यांच्या राजधानीच्या चौकात उभी राहणे हा न्याय होता.

पण अशोक हा नुसता विजेता नाही. कलिंग जिंकल्यावर आपल्यामुळे एक लाख माणसे मारली गेली आणि दीड लाख देशोधडीला लागली, याचा आपल्याला पश्चात्ताप होतो आहे, असे त्याने आपल्या तेराव्या शिलालेखात कोरवले. गिरनारपासून शाहबाजगढीपर्यंत तो लेख सापडतो. जुन्या जगात स्वतःचा अपराध आकड्यांसह दगडावर लिहिणारा दुसरा सम्राट शोधून सापडणे कठीण. आणि तरीही कलिंगाच्याच भूमीत, धौली आणि जौगड इथे, तो लेख नाही; त्याच्या जागी निराळे लेख आहेत. जिथे जखम झाली तिथेच कबुली गाळली गेली. अशोकालाही जे जमले नाही, ते आपल्याला जमवायचे आहे.

वास्कोच्या जागी अशोक बसवण्याचा खरा अर्थ मला इथे दिसतो. जाळलेल्या जहाजाविषयी मौन पाळणाऱ्या स्मारकावर, स्वतःच्या युद्धाचा हिशेब मांडणाऱ्या राजाची खूण आली. हा बदल अर्थपूर्ण करायचा असेल तर खांबाने आता पूर्ण बोलले पाहिजे. १८५५, १८९८, १९६१ ही तीनही वर्षे तिथे मराठी, कोकणी आणि इंग्रजीत लिहिलेली असावीत. वास्कोचा मार्ग लिहावा आणि जळालेले जहाजही लिहावे. ओर्ताचा ग्रंथ लिहावा, कातारिनाची चिता लिहावी, अंतोनिया आणि मालुपा यांची नावे लिहावीत. मोझांबिकला जायला नकार देणारे शिपाई आणि सत्तरीचे राणे लिहावेत. यासाठी नवा पुतळा नको, नवा चबुतरा नको. चार वाक्यांचे धैर्य हवे. गोव्याच्या शाळांनी १९ डिसेंबरला मुलांना इथे आणून हे सगळे एका दमात सांगावे, कारण ते याच एका जागेशी जोडलेले आहे.

आपण महाराष्ट्रातही भराभर स्मारके उभारतो आहोत, आणि त्यांची थोरवी फुटांत आणि मीटरांत मोजतो आहोत. मला स्मारकाचे एकच माप पटते : ते उभारणाऱ्याला काय कबूल करायला लावते. ज्या स्मारकासमोर आपल्याला फक्त अभिमान वाटतो, त्याचा माथा उद्याची सत्ता सहज बदलेल, कारण त्यात आपल्या अभिमानाखेरीज काही नसते. ज्याच्यासमोर अभिमानाबरोबर आपल्या पूर्वजांनी दिलेल्या आणि सोसलेल्या दुःखाचाही हिशेब मांडावा लागतो, ते स्मारक बदलायची गरज कोणत्याच पिढीला पडत नाही. पणजीच्या बागेतल्या खांबाला असे स्मारक होण्याची संधी आहे. नव्या स्मारकांवर कोट्यवधी खर्च करण्याआधी आपण जुन्या खांबांवरचे गाळलेले मजकूर भरून काढायला शिकलो, तर पुढच्या पिढीला आपले माथे उतरवावेसे वाटणार नाहीत.